गांडूळ की कणीक?

विलायतेत ट्राऊट माशासाठी गळाला पिसं नि दोरा बांधून खोटी माशी करतात; उन्हाळ्यात टोळाच्या किंवा मुंगीच्या रूपातली चालते म्हणे. ट्राऊटला गार पाणी लागतं, म्हणजे काश्मीरपर्यंत ठीक. इथं केम गावी मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार. इथले हौशी गडी जेऊर ओलांडून उजनी धरणाच्या फुगवट्यावर जातात आणि चिलापी माशासाठी गांडूळ लावावं की कणकेची गोळी, यावर हमरीतुमरीवर येतात. चिलापी काहीही खाते, हे सगळ्यांनाच ठाऊक. ११७ टीएमसीचं धरण वजा साठ्यात गेलं, काठ चिखल तुडवत लांब सरकला, तरी कणकेत हिंग की हळद, हे ठरत नाही. पाणी कुणी पळवलं, यावर मात्र लगेच एकमत होतं. पलीकडच्या तालुक्यानं!