आजींचा धर्मग्राम

वसईच्या पट्ट्यात नव्वदी ओलांडलेली आजी देवाघरी गेली, की अंत्यविधीच्या मिस्सेतलं प्रवचन फारसं नव्यानं लिहावं लागत नाही. आजी साधी होती, अबोल होती, कुटुंबासाठी आणि चर्चसाठी मेणबत्तीसारखी जळली, तिनं कधी काही मागितलं नाही. लोक माना डोलावतात, सुना डोळे पुसतात, आणि जिला आपण ओळखत होतो ती बाई सोडून भलत्याच कुणाचं तरी दफन होतं. कारण यातलं शेवटचं वाक्य तर साफ खोटं आहे. आजीनं जन्मभर मागितलं: सभागृहाला पंखे, आश्रमातल्या पोरांना तांदूळ, आजाऱ्याला रिक्षाचं भाडं, पलीकडच्या वाड्यातल्या मुलीला स्थळ. आणि मागितलेलं घेतल्याशिवाय ती कुणाच्या ओटीवरून उठली नाही. ती मेणबत्ती नव्हती. पेटीत मेणबत्त्या किती उरल्यात हे तोंडपाठ असलेली बाई होती. तिची आठवण काढायची, तर त्यागाची मूर्ती म्हणून काढू नये. गावानं कधी निवडून न दिलेली, तरीही बिनविरोध राज्य करणारी कारभारीण म्हणून काढावी.

पुरावा घरापासूनच सुरू होतो. संध्याकाळची रोजरी ही प्रार्थना खरीच, पण आजीच्या हाती ती हजेरीही असे. पाच दशकं, पन्नास ‘नमो मारिया’; तेवढ्यात कोण उशिरा आला, कुणाच्या तोंडाला कसला वास येतोय, कोणती सून कुणाशी बोलत नाही, हे सगळं मणी न चुकता नोंदलं जाई. कुकरच्या शिट्ट्याही त्याच दमात मोजून होत. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोजरीच्या पंधरा रहस्यांत आणखी पाच घातली. आजीनं ती निमूट पाठ केली. गावातली याहून कितीतरी जास्त रहस्यं तिच्यापाशी आधीच जमा होती, त्यात पाचांची भर जड नव्हती.

चर्चमध्ये तर तिचं स्थान समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. ही आजी लहानपणी लॅटिनमधली मिस्सा ऐकत वाढली, तीही लोकांकडे पाठ केलेल्या धर्मगुरूंकडून. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली, मिस्सा मराठीत आली, आणि इतकी वर्षं आपण कशाला ‘आमेन’ म्हणत होतो ते तिला कळलं. तक्रार केली नाही. प्रवचन लांबतं हे मात्र आता तिला नेमकं सांगता येऊ लागलं. पुढे २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना अधिकृतपणे खुली केली. तोवर आजीनं वेदीवरची वस्त्रं धुतली होती, फुलं लावली होती आणि दोन पिढ्यांच्या मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी धर्मशिक्षण दिलं होतं. धर्मग्राम परिषदेचा नियम असा की, परिषदेनं फक्त सल्ला द्यायचा, निर्णय धर्मगुरूंचा. आजीला हा नियम कधी लागू पडला नाही, कारण ती परिषदेवर नव्हती.

या सत्तेचं मर्म तिच्या दीर्घायुष्यात आहे. धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते. आजीची होत नाही. दर नव्या साहेबाला फायली कुठं आहेत ते सांगणाऱ्या कचेरीतल्या जुन्या हेडक्लार्कसारखी ती असते. कोणत्या दोन घरांना मिरवणुकीत शेजारी उभं करायचं नाही, हे दप्तरात लिहिलेलं नसतं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभेत मदतीसाठी गुप्त थैली फिरते, कुणी किती टाकलं ते कुणाला कळू नये म्हणून. आजीला ते नाण्यांच्या आवाजावरून कळे. १९९० च्या आगेमागे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन पेटलं, टँकरनं उपसल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध बायाही मोर्चात उतरल्या. तेव्हा घरोघर निरोप पोचवायला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नव्हती. आजी होती.

यावर कुणी म्हणेल, ही सेवा कसली, हा तर निव्वळ चोंबडेपणा! मान्य. पण तापानं पडलेल्या विधवेच्या घरी चूल पेटली नाही हे आधी कुणाला तरी कळावं लागतं, आणि दुसऱ्याच्या घरात न डोकावणाऱ्या सभ्य माणसाला ते कळत नाही. आजीच्या चौकशीमागून पेजेचं भांडं येई, हा फरक. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बायकांकडून फुकट राबवून घ्यायचं, पद मात्र द्यायचं नाही, ही लबाडीच नव्हे का? आहेच. पण आजीवर ‘अबोल, त्यागी’ असं लेबल चिकटवलं की ही लबाडी झाकली जाते. त्यागाला पगार द्यावा लागत नाही, मतही द्यावं लागत नाही. उलट ती कारभार करत होती असं एकदा मान्य केलं, तर तो कारभार तिच्या नावे का नव्हता, हे सांगणं भाग पडतं. तिसरा आक्षेप श्रद्धेचा: सत्ता म्हणता म्हणता तिची भक्ती कुठं गेली? कुठंच गेली नाही. देवावर तिचा पूर्ण भरवसा होता. फक्त पंखे, तांदूळ आणि खुर्च्या यांची तसदी त्याला द्यावी असं तिला वाटत नसे.

आजीनंतर तिची कामं वाटून घ्यायला समिती नेमावी लागते: अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि चार सदस्य. सातही जण भले असतात, पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे सातांपैकी एकालाही ठाऊक नसतं. तेव्हा पुढची आजी हयात असतानाच तिला परिषदेवर घ्यावं, आणि तिचं म्हणणं कार्यवृत्तात तिच्या नावानिशी लिहावं. सभा लांबतील, धर्मगुरूंना थोडं ऐकून घ्यावं लागेल. पण मग प्रवचनात तिच्याबद्दल एक तरी खरं वाक्य म्हणता येईल.