नाही तर मर

क्वेरीभाऊ कोड मोठ्यानं बोलत लिहितो, तेही अर्थासकट. पीएचपीच्या जुन्या पुस्तकांत ओळच तशी असायची, ‘ऑर डाय’. म्हणजे डेटाबेसकडे जा, उत्तर आण, नाही तर मर. रिठदच्या आमच्या गल्लीचा दिवस या आरोळीनं उगवतो.

एकदा आजीनं चुलीपासून विचारलं, “काबे, सकायपासून कोनाले मर म्हून रायला?”

“मायएसक्यूएलले.”

“मायले?” आजी फुंकणी घेऊन उठलीच. यातली माय म्हणजे हा डेटाबेस बनवणाऱ्या मायकेल विडेनियसची लेक, हे सांगितल्यावर तर तिनं फुंकणी आणखी घट्ट धरली.

भाऊचं पुस्तकही कधीचं? त्यातलं ‘मायएसक्यूएल क्वेरी’ हे फंक्शन पीएचपी ७ नं २०१५ सालीच घराबाहेर काढलं. नवी आवृत्ती टाकताच भाऊची सगळी पानं पांढरी. पण भाऊच्या मते चूक पीएचपीची, पुस्तक तर छापील आहे!

तरी एका किराणावाल्यानं उधारी त्याच्या हवाली केली. सोयाबीन विकल्यावर एका गिऱ्हाइकानं पैसे भरले. भाऊनं हुकूम लिहिला, उधारीतली बाकी शून्य कर. कोणाची, ते सांगणारा ‘व्हेअर’ राहिला. डेटाबेस काही आपल्या तलाठ्यासारखा उलटे प्रश्न विचारत नाही. अट नाही म्हणजे सगळ्यांची! खाली उमटलं, ३१२ ओळी बदलल्या.

“पाहा काका, कसं फास्ट हाय!”

संध्याकाळपर्यंत गावभर कर्जमाफी. दोन म्हातारे पेढे घेऊन आले, एकानं तर त्याच आनंदात आणखी पाच किलो साखर उधार नेली. किराणावाल्यानं शांतपणे गल्ल्याखालून लाल वही काढली. पोराच्या नादी लागूनही तो रोज रात्री तीत लिहीतच होता. बॅकअप हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, एवढंच.

तेव्हापासून भाऊ अटीशिवाय बोलत नाही. सोयरिकीसाठी मामाला यादी दिली. शिकलेली अँड नोकरीवाली अँड स्वयंपाक येणारी अँड रिठदला राहायला तयार. दोन वर्षं झाली, उत्तर एकच. शून्य ओळी.

मामा म्हणाला, “एखादं अँड काढून तिथं ऑर टाक ना बे.”

आजीनं आतूनच हात जोडले. “ऑर नको बापा. त्याच्या मांगून डाय येते.”