धोका कोणाला?

केसपेपरवर लाल खूण, खाटेला वेगळी पाटी, ड्रेसिंगला सगळ्यांत शेवटचा नंबर आणि हातांत एकावर एक दोन हातमोजे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाला काही रुग्णालयांत आजही असे वागवतात आणि त्याला संसर्गनियंत्रण म्हणतात. ही निव्वळ भीती आहे.

नियम सरळ आहे: प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असेच धरून चालायचे. खूण पाहून हातमोजे चढवणारा माणूस, ज्याची तपासणीच झालेली नाही त्याच्यापुढे उघड्या हाताने उभा राहतो. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्याला, शंभरात तीसपर्यंत. शिवाय एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधे आहेत. ती आणि संरक्षणाची साधने कर्मचाऱ्यांना पुरवणे भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. सिस्टर आणि सफाई करणाऱ्या मावशी, दोघींनीही ती हक्काने मागावीत. त्याच कायद्याने रुग्णाशी भेदभावही निषिद्ध आहे.

खरी काळजी मुलाची करायला हवी. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, गोळ्या न्यायला आलेले लेकरू खोकणाऱ्या मोठ्या माणसांना खेटून तासन्‌तास बसते. टीबी आणि गोवर हवेतून पसरतात, आणि या मुलांची प्रतिकारशक्ती आधीच तोकडी असू शकते. खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या, आधी तपासून मोकळे करा. मुलांना वेगळी वेळ द्या. खिडक्या सताड उघडा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, त्यामुळे ते न करण्याला माफीही नाही.

आणि सुई. पाकिस्तानात सिंधमधल्या रातोडेरोत २०१९ मध्ये शेकडो मुलांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. त्यांतल्या बहुतेकांच्या आया निगेटिव्ह होत्या. तपासात बोट रोखले गेले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजकडे. साध्या तापासाठी दवाखान्यात नेलेली लेकरे जन्मभराचा आजार घेऊन परतली.

पालकांनो, सिरिंजचे पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. विचारायला संकोचू नका, डॉक्टरांना राग आला तरी. मूल पॉझिटिव्ह असो वा नसो, नवी सुई हा त्याचा हक्क आहे.