किती मिळाले?

निवृत्तीचं नियोजन वेळेवर करावं असं सगळे सांगतात, आणि खरं सांगायचं तर सगळे ते करतातही. फक्त ज्याला निवृत्त व्हायचं असतं तो करत नाही. त्याला सवड नसते, तो बिचारा नोकरीवर असतो.

आमचे साडू गेल्या वर्षी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, त्यांच्याशिवाय प्लँट कसा चालेल याची काळजी व्यक्त करणारी चार भाषणं झाली. सामोसे संपायच्या आत, चेहऱ्यावर अपार माया आणून, पहिल्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘किती मिळाले?’ आपल्याकडे बाईला वय विचारू नये, पुरुषाला पगार विचारू नये, एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. फंड मात्र सार्वजनिक मालमत्ता. तो कोणीही विचारावा आणि ऐकल्यावर ‘एवढेच?’ किंवा ‘बापरे!’ म्हणावं. दोन्हींचा अर्थ एकच असतो, आता आपण यात लक्ष घातलं पाहिजे.

मिळाले ते असे. फंडाचे एकतीस लाख, ग्रॅच्युइटीचे सात लाखांना थोडे कमी. फंड खरं तर बराच मोठा व्हायचा. पण मधल्या काळात त्यातून धाकट्या बहिणीचं लग्न झालं, सिडकोतलं घर वाढलं आणि मुलीचं इंजिनिअरिंग पार पडलं. भविष्य निर्वाह निधी या नावातलं भविष्य नेमकं कोणाचं, हे कायद्याने मोघमच ठेवलं आहे आणि कुटुंबाने त्याचा सोयीचा अर्थ लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने तर ठरवलं की शिक्षणासाठी दहा वेळा आणि लग्नासाठी पाच वेळा या खात्यातून पैसे काढता येतील, चौथा हिस्सा मात्र खात्यात राहिला पाहिजे. लग्नं पाच, शिक्षणं दहा, म्हातारपण एक. त्या एकाला चौथा हिस्सा ठेवला, हेही मोठ्या मनाचंच लक्षण.

साडूंना पेन्शनही आहे. ‘पेन्शन’ म्हटलं की सोसायटीतले लोक आदराने बघतात, म्हणून आकडा ते सांगत नाहीत. मी पाहिला आहे. चार हजार एकशे आणि वर काही रुपये. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ची, तिचा हिशोब साधा आहे. धरलेल्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. पगार मात्र खरा धरायचा नाही. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीला साडेसहा हजारांची कमाल मर्यादा, पुढच्या नोकरीला पंधरा हजारांची. त्यावर महागाई भत्ता नाही, त्यामुळे आज लागलेली पेन्शन नव्वदाव्या वर्षीही तेवढीच, एक रुपया इकडचा तिकडे नाही. एवढा एकनिष्ठपणा माणसांत आढळत नाही. या योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरली, आणि तीच साडेसात हजार करा, वर महागाई भत्ता द्या, म्हणून बुलडाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषण करत आली. उपोषणाचा एक फायदा नाकारता येत नाही. त्या दिवशीचा जेवणाचा खर्च वाचतो.

साडूंच्या जिन्यात वरच्या मजल्यावर जिल्हा परिषदेचे एक निवृत्त गुरुजी राहतात. ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले, म्हणजे जुन्या पेन्शनवाले. अर्धा मूळ पगार, वर महागाई भत्ता, तोही वाढत जाणारा. २००५ नंतर लागलेल्यांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप केला, तेव्हा गुरुजींनी गॅलरीतून मनापासून पाठिंबा दिला. त्यांच्या घरी बचतीचा विषय कधी निघत नाही. आर्थिक साक्षरता ही पेन्शन नसलेल्यांनी करायची गोष्ट आहे, हे त्यांच्याकडे पाहून पटतं. साडू वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांची कात्रणं ठेवतात. गुरुजी त्याच पुरवण्या कपाटाच्या फळ्यांवर अंथरतात. झोप कोणाला चांगली लागते, हे मी लिहायला नको.

या पुरवण्यांमध्ये एक लेख दर सहा महिन्यांनी येतो. रोजचा वीस रुपयांचा एक चहा सोडा, ते सहाशे रुपये दरमहा एसआयपीत टाका, बारा टक्के परतावा धरा, तीस वर्षांनी एकवीस लाख तुमचे. हिशोब बरोबर आहे, मी करून पाहिला. लेखात फक्त दुसरं कोष्टक नसतं. महागाई सहा टक्के धरली तर बहात्तर भागिले सहा, म्हणजे दर बारा वर्षांनी खर्च दुप्पट. आज चाळीस हजारांत चालणारं घर चोवीस वर्षांनी एक लाख साठ हजार मागतं. त्या भावाने तीस वर्षांनंतरचे एकवीस लाख म्हणजे आजचे तीन लाख सत्तर हजार. तीस वर्षं टपरीकडे पाठ फिरवून एवढे. बरं, बचत वाईट असं कोण म्हणतं? पण चहा सोडायला सांगणाऱ्या लेखाच्या शेजारीच अर्धं पान युरोप सहलीची जाहिरात असते, आणि ती सोडा असं कोणी लिहीत नाही.

तर साडूंनी, कात्रणांच्या पुण्याईने असेल, एक गोष्ट पक्की केली होती. तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायचे. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा तीस लाख आहे आणि त्याच महिन्यापासून व्याज ८.२ टक्के. वयाची अट साठची, पण पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्यालाही, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, खातं उघडता येतं. पूर्वी ही मुदत एकच महिना होती. २०२३ मध्ये ती तीन महिने झाली. माणसाला विचार करायला वेळ मिळावा असा सरकारचा हेतू असणार. नातेवाइकांना मिळाला.

पहिल्या आठवड्यात मेहुणा आला, गाडीतून नकाशा घेऊन. ‘समृद्धीच्या इंटरचेंजपासून दहा मिनिटं. कुंभाच्या आत भाव डबल.’ नाशकात सध्या कुठल्याही जमिनीचं वर्णन कुंभमेळ्याशिवाय पुरं होत नाही. साधुग्रामापासून साठ किलोमीटरवरच्या खडकालाही कुंभाचं पुण्य लागतं. चार गुंठे, रस्ता पडणार आहे, वीज येणार आहे, एनए होणार आहे. सगळी क्रियापदं भविष्यकाळी होती, फक्त टोकन वर्तमानकाळी होतं. साडू म्हणाले, ‘मी राहणार कधी तिथे?’ मेहुणा म्हणाला, ‘राहायचं कोणाला आहे?’

मग भाचा. तो ऑप्शन्स करतो. म्हणजे नोकरी सोडून मोबाइलकडे बघतो. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य माणसांना तोटा झाला. भाच्याला हा आकडा तोंडपाठ आहे. ‘मामा, सात टक्के लोक कमावतात ना? आपण त्यांच्यात बसायचं.’ जागा आरक्षित असल्यासारखं तो बोलतो.

जावई सभ्य. त्याने पैसे मागितले नाहीत, सादरीकरण दाखवलं. चहाची फ्रँचायझी, इंदिरानगरात कॉर्नरचं दुकान, गूळ, पितळी भांडी. तरुणांनी चहा सोडून निवृत्तीची तजवीज करायची आणि निवृत्तांनी तोच चहा विकून ती बुडवायची, अशी ही एकूण अर्थव्यवस्था आहे.

पतसंस्थेचे संचालक तर घरी पेढे घेऊन आले. ज्येष्ठांना साडेनऊ टक्के. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, असं साडूंनी भीतभीत काढलं. संचालक दुखावले. ‘विमा परक्यांना लागतो हो. आपण घरचे.’ सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांसाठी मिळून हजार रुपये काढायची मुभा होती, आणि ती तर रीतसर बँक होती. साडूंनी हेही सांगितलं असतं, पण तोवर त्यांच्या तोंडात पेढा होता.

सर्वात गोड बँकेतली मुलगी. साडूंच्या खात्यात रक्कम जमा झाली त्याच दुपारी तिचा फोन आला. इतकी वर्षं पासबुकाच्या रांगेत उभं करणाऱ्या शाखेने त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवून बिस्किटं दिली. ‘सर, एफडीसारखंच आहे, फक्त जास्त चांगलं.’ दरवर्षी पाच लाख, दहा वर्षं भरायचे, मग खात्रीचं उत्पन्न. साडूंनी विचारलं, पगार बंद झालाय, दुसऱ्या वर्षीचे पाच लाख कुठून आणू? मुलीने संगणकाकडे पाहिलं. त्या प्रश्नाला तिच्या स्क्रीनवर रकाना नव्हता.

मुलगा पुण्यात वाकडला असतो. त्याने काहीही मागितलं नाही. फक्त फोनवर एकदा म्हणाला की त्याच्या मित्राच्या वडिलांनी मित्राचं होमलोन फेडलं, किती रिलॅक्स झाला तो! मेहुणी लगेच विरघळली. ‘पोरगाच आपली एफडी, भाऊजी,’ असं ती मला म्हणाली. या एफडीचा दरही कायद्याने ठरलेला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्याखाली न्यायाधिकरण मुलाकडून जास्तीत जास्त दहा हजार रुपये महिना मिळवून देतं. मुद्दल परत हवं असेल तर ते देतानाच सांभाळायची अट घातलेली असावी लागते.

सरकारचं म्हाताऱ्यांविषयीचं नियोजन मात्र पायरीपायरीने आहे. साठाव्या वर्षी बँकेत अर्धा टक्का जादा व्याज. पासष्टाव्या वर्षी एसटीचं अर्धं तिकीट. सत्तराव्या वर्षी आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड. पंचाहत्तर झाली की एसटी फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. ज्याला महाराष्ट्र बघायचा असेल त्याने गुडघे तोवर जपावेत. रेल्वेत साठीच्या पुरुषाला चाळीस टक्के सवलत असायची, ती मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबली. करोना गेला, सवलत अजून विलगीकरणात आहे. साडूंच्या घरी एसटीच्या सहलींचं खातं मेहुणीकडे आहे, कारण बाईमाणूस म्हणून तिला अर्धं तिकीट आजच लागतं. साडू पूर्ण तिकीट काढतात आणि खिडकीही तिलाच देतात.

तीन महिने संपायला चार दिवस राहिले, तेव्हा ते कोणालाही न सांगता पोस्टात गेले. मी बरोबर होतो, कारण साक्षीदार लागला तर असावा. अर्ज, पॅन, आधार, दोन फोटो, कंपनीचं पत्र. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, ‘रिटायरमेंटचेच पैसे ना? तारीख बघू.’ तारीख पाहिली, चेक उलटसुलट केला, शिक्का इतक्या जोरात मारला की शेजारच्या रजिस्टरवरची टाचणी उडाली. पाच वर्षांसाठी तीस लाख आत गेले. व्याज दर तिमाहीला एकसष्ट हजार पाचशे. साडूंनी पासबुक शर्टाच्या आतल्या खिशात घातलं, वर हात ठेवला आणि पाथर्डी फाट्यावर मला मिसळ खायला घातली. जादा पाव स्वतःहून मागवले. तीस वर्षांत असं प्रथमच झालं.

घरी बातमी फुटायला संध्याकाळ पुरली. मेहुण्याने अबोला धरला. भाच्याने ‘आठ टक्क्यांत काय होतं मामा’ असं म्हणून मान हलवली. संचालकांचा पेढ्याचा डबा परत मागायचा राहिला होता, तो त्यांनी मागवून घेतला. जावयाने मात्र समंजसपणे सगळं ऐकून घेतलं. व्याज नेमकं कधी जमा होतं, असं त्याने विचारलं. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, असं साडूंनी पासबुक काढून दाखवलं.

‘योगायोग बघा बाबा,’ जावई म्हणाला, ‘दुकानाचं भाडंही तिमाहीच ठरलंय.’