दुसरा ब्रेक

टेक्सासमध्ये पिकअप नसलेल्या पुरुषाशी लोक जरा सांभाळून बोलतात, त्याच्या घरी नुकतंच काही बरंवाईट झालं असावं अशा सुरात. डॅलसच्या उत्तरेला आमच्या वसाहतीत जवळपास दर दुसऱ्या घरापुढे एक पिकअप उभी असते. तिच्या हौद्यात शेवटचं ओझं कधी पडलं हे मालकालाही आठवत नाही, पण दर शनिवारी ती धुतली जाते. मी वर्षानुवर्षं एका समजूतदार सेडानमधून फिरत होतो आणि खाली मान घालून फिरत होतो. मग मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर सेडानमध्ये मावेना, हे निमित्त झालं.

"वर्षातून एकदा मखर न्यायला ट्रक? भाड्याने मिळतो की," बायको म्हणाली. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही.

शोरूममध्ये मी आपल्या संस्कारांना जागून आधी यादी मागितली. काय-काय काढून टाकलं तर किंमत किती उतरते, ते बघायला. यादीत समोरच्यावर आदळण्याआधी आपोआप लागणारा ब्रेक होता, पायी चालणारा माणूस ओळखणारा कॅमेरा होता, लेन सोडली की सूचना, पुढच्या गाडीशी अंतर किती ते दाखवणारा आकडा आणि समोरून कोणी आलं की आपणहून खाली होणारे दिवेही होते. मी म्हटलं, "हे सगळं काढा. मला गाडी चालवता येते." विक्रेता म्हणाला, हे सगळं स्टँडर्ड आहे, साध्यातल्या साध्या मॉडेललाही येतं, काढता येत नाही. मी नाराज झालो. रुसवा काढायला मग वरचे पैसे मोजून हौद्याला रबरी अस्तर आणि बाजूला चकचकीत पायऱ्या लावून घेतल्या.

हे स्टँडर्डचं प्रकरण पिकअपपर्यंत उशिराच पोचलं. २०१६ च्या मार्चमध्ये वीस मोटार कंपन्यांनी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याला आणि विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेला शब्द दिला होता, की सप्टेंबर २०२२ पर्यंत आपोआप लागणारा ब्रेक जवळपास प्रत्येक नव्या गाडीत बसवू. त्यात एक मेख होती. साडेआठ हजार पौंडांहून जड, म्हणजे मोठ्या पिकअपसारख्या गाड्यांना २०२५ पर्यंत सवलत. जी गाडी जास्त जोरात आदळणार तिला शहाणं व्हायला तीन वर्षं जास्त! काहींनी मात्र वाट पाहिली नाही. टोयोटाच्या टॅकोमात २०१८ च्या मॉडेलपासून हे सरसकट येऊ लागलं. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो १५०० मध्ये ते २०२२ च्या सुधारित मॉडेलपासून सगळ्या प्रकारांत आलं. तोवर अनेक पिकअपमध्ये हा ब्रेक सीट-कव्हरच्या पंगतीत, ऑप्शनच्या यादीत बसलेला असायचा.

तर ट्रक घरी आला. पहिल्याच संध्याकाळी हायवेवर माझ्या मांडीखाली काहीतरी गुरगुरलं. मला वाटलं, मागच्या खिशात फोन वाजतोय. तो काढायला मी एका बाजूला कललो, तर गुरगुर वाढली. आणखी कललो, तर आता दोन्ही मांड्यांखाली. बायको म्हणाली, "फोन माझ्या हातात आहे." मग कळलं की ट्रक लेन सोडत होता, आणि डावीकडे सोडला की डावी मांडी, उजवीकडे सोडला की उजवी मांडी, अशी सीट हलवून तो मला कळवत होता. फोनसाठी कलंडत मी तोच ट्रक दोन्ही बाजूंना फिरवून आणला होता. मागून येणाऱ्या माणसाने माझ्याबद्दल काय मत बनवलं असेल ते त्याने ओलांडून जाताना हाताने दाखवलं.

पुढच्या आठवड्यात फार्म-टू-मार्केट, म्हणजे खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर वेगळाच तमाशा. इथल्या उन्हाने रस्त्याला भेगा पडतात आणि त्या डांबराने बुजवतात. त्या काळ्या, वळवळत्या रेघा दुपारी अशा चमकतात की ट्रकच्या कॅमेऱ्याला ते लेनचे पट्टे वाटले. स्टिअरिंग हळूच ओढायला लागलं. मी उलट ओढलं. त्याने पुन्हा ओढलं. बराच वेळ आमची अशी रस्सीखेच चालली आणि शेवटी पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र आलं. मला भारी कौतुक वाटलं, यजमान म्हणून ट्रक कॉफीला विचारतोय! मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून कॉफी घेतलीही. मागच्या सीटवरून मुलीने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बाबा, तुम्ही झोपेत चालवताय असं वाटलं की तो कप येतो."

इथे मला आमचे सांगलीचे मास्तर आठवले. मोटार ड्रायव्हिंग स्कूलची जुनी मारुती एट-हंड्रेड होती आणि मास्तरांच्या डाव्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. मास्तर खिडकीबाहेर बघत ओळखीच्यांना नमस्कार करत असायचे. समोर म्हैस आली की गाडी थांबायची, आणि माझी पक्की समजूत होती की ती मी थांबवली. एके दिवशी मास्तर वर्तमानपत्रात गढले होते. त्या दिवशी म्हैस आमच्यापेक्षा चपळ निघाली म्हणून वाचली. "पाय होता का ब्रेकवर?" मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचा होता असं वाटलं. तरीही आरटीओने मला लायसन दिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि एवढा सगळा समुद्र ओलांडून आल्यावर डाव्या सीटवर मी आणि दुसरा ब्रेक पुन्हा कुणाच्या तरी पायाखाली.

गणपतीच्या आदल्या शनिवारी मखर न्यायचं ठरलं. थर्मोकोलचा राजवाडा, त्याला दोन मनोरे, शिवाय चार ढोल आणि एक सतरंजी. राजवाडा हौद्याहून लांब, म्हणून मागचा फाळका खाली पाडून ठेवला. आणि कुणीतरी हौसेने त्याला खोट्या झेंडूच्या माळा बांधल्या. सभागृहाच्या आवारात पोचल्यावर मी रिव्हर्स टाकला. पडद्यावर अगदी जवळून डांबर दिसलं. खडी न् खडी मोजता यावी इतकं स्वच्छ. मागे काय आहे याचा पत्ता नाही, कारण कॅमेरा फाळक्याच्या कडीशी बसवलेला, आणि फाळका पाडला की कॅमेराही पडून खाली बघत राहतो. हे ट्रकच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, सीलबंद.

त्यात मागच्या सेन्सरपुढे माळा लोंबत होत्या. ट्रकला वाटलं मागे भिंत आहे. तो किंचाळायला लागला आणि वीतभर सरकला की गचकन ब्रेक. पुन्हा वीतभर, पुन्हा गचका. प्रत्येक गचक्याला हौद्यातले ढोल आपापसात एक ठेका धरायचे आणि आवारातली पोरंटोरं त्यावर नाचायची. मंडळाचे खजिनदार काका जवळ येऊन म्हणाले, "अहो, हे पीं पीं बंद करा. मी सांगतो ना, येऊ द्या." मला ते एकदम पटलं. शंभर सेन्सरपेक्षा आपला एक माणूस बरा. मी पडद्यावर बटण शोधून पार्किंगची सगळी मदत बंद केली.

काका मागे उभे राहिले. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." इतक्यात त्यांना वर्गणी बाकी असलेले एक गृहस्थ दिसले. काकांची मान तिकडे वळली, हात मात्र हलत राहिला. "येऊ द्या... अहो जोशी, मागच्या वर्षीचेही राहिलेत... येऊ द्या..." धाड्. पिवळ्या रंगाचा सिमेंटचा खांब. "येऊ द्या," काका त्यानंतरही एकदा म्हणाले. फाळक्याला बशीएवढा खड्डा पडला आणि राजवाड्याचा डावा मनोरा गेला. त्या वर्षी बाप्पा एकमनोरी राजवाड्यात बसले. खजिनदारांनी खर्चाच्या वहीत 'मखर दुरुस्ती' लिहून पुढे माझं नाव टाकलं.

खरा अपमान पुढेच होता. ढोल-ताशाची तालीम सभागृहामागच्या पार्किंगमध्ये चालायची. मी मोदकांचे डबे घेऊन पोचलो. फार वेग नव्हता, पण रिकामी जागा शोधत माझी मान उजवीकडे होती. एकाएकी ट्रक असा थांबला की मागच्या सीटवरचे डबे पुढे आले आणि एक मोदक थेट चहाच्या कपासाठीच्या खोबणीत जाऊन बसला. समोर काही दिसत नव्हतं. मी चिडून काच खाली केली, आता काय माळ आडवी आली काय? तेव्हा बॉनेटच्या कडेवरून आधी लेझीम वर आली, मग तिच्यामागून चारएक वर्षांचा एक मुलगा. त्याने माझ्याकडे बघितलं, लेझीम एकदा वाजवली आणि तो आपल्या वाटेने गेला. मला तो दिसलाच नव्हता. मान वळलेली नसती तरी दिसला असता का, कुणास ठाऊक. चार वर्षांच्या पोराची उंची साधारण चाळीस इंच, आणि माझ्या ट्रकचं बॉनेट त्याच्याही वर. विमा संस्थेने २०२३ मध्ये हजारो अपघात तपासून सांगितलंय, की चाळीस इंचांहून उंच बॉनेटची गाडी पायी चालणाऱ्याला धडकली तर तो दगावण्याची शक्यता, बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाडीच्या मानाने सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते.

मुलाची आई धावत आली आणि माझे आभार मानू लागली. मी मान हलवून ते स्वीकारले. "अहो, लक्ष असावंच लागतं," असंही म्हणालो. बायको शेजारी होती. तिने पडद्याकडे बघितलं आणि वाचून दाखवलं, खणखणीत आवाजात, पथकातल्या शेवटच्या ताशेवाल्याला ऐकू जावं असं: "आपोआप ब्रेक लावण्यात आला."

रात्री मी ते सीलबंद पुस्तक फोडलं. त्यात कळलं की हा ब्रेक अंधारात फार भरवशाचा नाही. विमा संस्थेच्या पाहणीतही तसंच निघालं होतं. उजेडात पायी चालणाऱ्यांना तो बऱ्यापैकी वाचवतो, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. चिखल बसला तर कॅमेरा आंधळा, आणि पाऊस-धुकं असेल तर त्याने काय करावं हे त्यालाच कळत नाही. तरी त्याच संस्थेच्या हिशेबाने, हा ब्रेक असलेल्या पिकअपनी पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आहे. माझ्यासारखे जितके लोक पिकअप चालवतात ते बघता हा आकडा मला कमीच वाटतो.

त्या रात्री दुसरंही एक लक्षात आलं. शोरूममध्ये यादीतून हा ब्रेक वगळता आला असता तर मी तो वगळला असता आणि वाचलेल्या पैशांत आणखी चकचकीत पायऱ्या घेतल्या असत्या. माझं गणित चुकीचं नव्हतं. पायऱ्यांवर पाय माझा पडतो, ब्रेकचा फायदा मात्र लेझीमवाल्याला. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजावेत असं शोरूममध्ये उभं असताना कुणालाच सुचत नाही. म्हणून ही गोष्ट गिऱ्हाइकाला विचारून करायचीच नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये तसा नियम केला. त्यात म्हटलं होतं, की सप्टेंबर २०२९ पर्यंत प्रत्येक नव्या मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये हा ब्रेक हवा, आणि ताशी ६२ मैलांपर्यंतच्या वेगात पुढच्या गाडीला न टेकता त्याला आपली गाडी थांबवता आली पाहिजे. मोटार कंपन्यांना हे जमणारं वाटलं नाही आणि त्यांचे वकील कामाला लागले. माझं मत विचाराल तर खात्याचंच बरोबर आहे, आणि हे मत खांबाला धडकलेल्या फाळक्याच्या मालकाचं आहे.

तेव्हा पिकअप घेतली असेल तर ती मदतीची बटणं चालू राहू द्या, सीट कितीही गुरगुरली तरी. कॅमेऱ्यावरचा चिखल पुसा. आणि फाळका पाडलेला असेल तर खाली उतरून स्वतः मागे बघा, कितीही काका "येऊ द्या" म्हणाले तरी.