चाकं कार्बनची, पोट घरचंच

पुण्याच्या सायकलवाल्यांत सध्या ग्रॅमचा हिशेब जोरात आहे. कार्बनच्या चाकांनी तीन-चारशे ग्रॅम वाचतात म्हणे; किंमत ऐकून घरात मात्र वजनदार शांतता पसरते. आंतरराष्ट्रीय शर्यतीतल्या सायकलला किमान ६.८ किलोची अट आहे. स्वाराला कसलीच नाही, आणि कात्रजचा घाट दोघांना एकत्रच तोलतो. खिसा हलका असेल तर आधी टायर बदला: फ्रेममध्ये मावत असतील तर २३ऐवजी २८ मिलिमीटरचे, लवचीक, हवा जरा कमी. आहे त्याच चाकांचा मिस्त्रीकडून आउट काढून घ्या. स्वस्तात काम होतं. पण मिसळीच्या टेबलावर टायर पाहून ‘कितीला पडलं?’ असं कोण विचारणार?