सातबारा नसलेलं फळ

आप्पांच्या घरात फळ दोनच कारणांनी कापलं जातं. एक तर घरात कोणी आजारी असतं, नाही तर फळ डागी असतं. बिनडागी फळ उंबऱ्याच्या आत येतच नाही. द्राक्षाचा चांगला घड पेटीत जातो, चांगलं डाळिंब क्रेटमध्ये जातं. गळालेले मणी आणि तडकलेली डाळिंबं तेवढी नातवंडांच्या वाट्याला येतात. आयुष्यभर बाग करून आप्पांनी एवढं एकच तत्त्वज्ञान काढलंय: फळ ही खायची वस्तू नाही, विकायची आहे.

जुन्नर-आंबेगावात असे आप्पा गावोगाव आहेत. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे नाना, कुठे नुसतंच ‘चेअरमन’, मग ते कशाचेही चेअरमन असोत वा नसोत. खूण एकच. शर्टाच्या वरच्या खिशात बाजार समितीची घडी घातलेली पट्टी आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघताना डोळ्यांत एक प्रश्न: काय भावानं?

ज्या विषयात दोन मतं असू शकतात त्या प्रत्येक विषयात आप्पांचं एक पक्कं मत असतं. मासवडी मंचरची खरी की नारायणगावची, सारणात खोबरं जास्त हवं की तीळ, रस्सा किती जाळ असावा, यावर त्यांनी लग्नाच्या पंगती थांबवल्या आहेत. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात, तेव्हा कमिटीत आप्पा हवेतच. वग कोणता, गण किती वेळ, इथपर्यंत त्यांना बोलायचं असतं. खोडदला आकाशाचा कानोसा घेणाऱ्या एवढ्या मोठ्या तबकड्या उभ्या आहेत. त्यातली एखादी कधी चुकून गावाकडे वळली, तर तिला पहिला आवाज आप्पांचाच ऐकू येईल.

असे हे आप्पा अजून बर्गरबद्दल काही बोलले नव्हते, कारण बर्गर त्यांच्या हद्दीत आलेला नव्हता. तो पुणे-नाशिक रस्त्याने आला. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, जिथे जिथे एसटी थांबते तिथे आता उसाच्या गुऱ्हाळाशेजारी एक तरी कॅफे आहे. भिंतीवर प्लास्टिकची वेल, एक झोपाळा आणि मेन्यूकार्डात 40 पदार्थ. त्यातले 38 चीजचे. मालक बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. बापानं दर वर्षी बाग लावायची आणि दर वर्षी भावाकडे डोळे लावायचे, हे लहानपणापासून बघून त्यानं शहाणपणानं छापील दराचा धंदा धरलेला असतो. मला तरी या पोरांचं कौतुक वाटतं.

अशाच एका कॅफेत बीएस्सी ॲग्री करणारा नातू आप्पांना घेऊन गेला आणि त्यानं स्वतःच्या हिमतीवर ‘हवाईयन बर्गर’ मागवला. बर्गर समोर आला तसा आप्पांनी पहिल्यांदा वरचा पाव उचलला. क्रेट विकत घेताना व्यापारी वरचा थर बाजूला सारून खालचा माल बघतो, तसा. आत बटाट्याची टिक्की, कांदा, टोमॅटो, चीज आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक पिवळी चकती.

“हे काय रं?”

“अननस, आप्पा.”

“पावात?”

नातू काही बोलायच्या आत प्रवचन सुरू झालं. “फळ देवाला ठेवावं. फळ पेशंटला न्यावं. फळ दुबईला धाडावं. ह्या पावाला काय धाड भरलीय फळ खायला?” शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं होती, त्यांनी सेल्फी थांबवला.

आप्पांच्या या मताशी चवीचा काही संबंध नाही, हे इथे सांगून टाकतो. त्यांच्या घरी भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीबरोबर जी तिखट लेकुरवाळी भाजी होते तिच्यात वांगं, पावटा, हरभरा असतो आणि बोरंही असतात. बोर म्हणजे काय, कंदमूळ? दहीभातावर डाळिंबाचे दाणे असतात. आमरसाबरोबर तळलेली कुरडई असते. मटण निबर निघालं तर कच्ची पपई लावायला आप्पाच सांगतात. वडापावावरची आंबटगोड चटणी चिंचेची, आणि चिंच झाडालाच लागते. हे सगळं नातवानं एकेक करून मांडलं. आप्पा म्हणाले, “ते आपल्यात पैल्यापासून हाये.” यापुढे मराठी माणसाशी वाद घालता येत नाही.

पण नातू शिकलेला. तो म्हणाला, टोमॅटोसुद्धा फळच आहे, आणि तो तर प्रत्येक बर्गरात असतो. त्यानं अमेरिकेतला खटलाही सांगितला. तिकडे आयात केलेल्या भाजीवर कर होता, फळांवर नव्हता. एक व्यापारी म्हणाला, टोमॅटो शास्त्रानं फळ आहे, माझे पैसे परत द्या. 1893 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोडाला नाही; तेव्हा करापुरता तो भाजी. आप्पांना हा निकाल फार आवडला. “बरोबर हाये. शास्त्र कायबी म्हनू दे, वसुली झाली पायजे.”

टोमॅटोचं नाव निघाल्यावर आप्पा जरा खुलले. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात 20 किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच दुकानांनी बर्गरातून टोमॅटो काढून टाकला. चांगला माल मिळत नाही, असं त्यांनी कळवलं. आप्पांच्या आयुष्यातला हा एक मोठा विजय. तो बर्गर त्यांनी पाहिलेला नव्हता, ते दुकानही पाहिलेलं नव्हतं, पण आपल्या टोमॅटोनं साहेबाला पाव कोरडा खायला लावला, हे ते आजही पारावर सांगतात. त्याच्या आधी आणि नंतर ज्या ज्या वर्षी टोमॅटो काढायची मजुरीही सुटली नाही, ती वर्षं पारावर निघत नाहीत.

मग नातवानं शेवटचं अस्त्र काढलं. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि अननस, चारही मूळचे अमेरिकेतले. युरोपच्या दर्यावर्दींनी ते इकडे आणले. अननस तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच आला. आपल्याकडे टोमॅटो रुजला तो त्याच्या कितीतरी नंतर. मग टोमॅटो घरचा आणि अननस पाहुणा कसा?

आप्पा क्षणभर थांबले. पाव पुन्हा उचलून त्यांनी पंचनामा केला. “हा बटाटा सातगाव पठाराचा. कांदा ओतूरचा न्हायतर मंचरचा. टोमॅटो नारायणगावचा. आले असतील समुद्रावरनं. पन आता समद्यांचा सातबारा हितं हाये.” मग चकतीवर बोट ठेवून, “ह्याचा कुठं हाये?”

कॅफेवाला पोरगा गल्ल्यावरूनच म्हणाला, “केरळचा माल आहे, आप्पा. वाशीवरून येतो.”

खरं दुखणं इथे होतं. तालुक्यात द्राक्षाचे मांडव, डाळिंबाच्या बागा, हापूसची झाडं, आणि पावात जाऊन बसतंय कोण, तर केरळचं फळ.

नातवाला वाटलं, जगाचा दाखला दिला तर आप्पा निवळतील. त्यानं सांगितलं की पिझ्झ्यावर अननस घालायची कल्पना 1962 साली कॅनडात हॉटेल चालवणाऱ्या सॅम पानोपुलोस नावाच्या ग्रीक माणसाची, आणि त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. 2017 साली आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष शाळकरी पोरांसमोर बोलून बसले, की मला शक्य असतं तर मी अननसाच्या पिझ्झ्यावर बंदी घातली असती. गदारोळ झाला तेव्हा त्यांना खुलासा करावा लागला, की मला तसा अधिकार नाही आणि नाही तेच बरं. आप्पांनी मान हलवली. “मानूस शाना हाये. पन अधिकार न्हाई म्हंजे आपल्या सरपंचासारखीच गत.”

माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. डब्यातला पाकातला अननस तसाच ओला घातला तर पावाचा लगदा होतो, आणि अशा बर्गराबद्दल आप्पा म्हणतात ते खरं आहे. पण ताजी चकती तिखट-मीठ लावून तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजली, तर पाणी आटतं, गोडी वर येते आणि जीभ चुरचुरवणारं त्यातलं ब्रोमेलेनही उष्णतेनं थंडावतं. चिकन असेल तर आणखी बरं. बटाट्याच्या गुळमट टिक्कीला तर कुणीतरी आंबट सोबती हवाच असतो. बाकी फळांचं मला माहीत नाही. केळ्याच्या बर्गरला माझा विरोध आहे आणि त्याला कारण नाही.

आता आप्पांकडे परत येतो, कारण तेवढ्यात त्यांच्या हाती मेन्यूकार्ड लागलं होतं. साधा बर्गर 110, अननसाचा 140. आप्पांची बोटं टेबलावर हिशेब करू लागली.

“ह्या एका चकतीचे तीस?”

“हो, आप्पा.”

“सोललेल्या किलोत चकत्या किती बसत्यात?”

“पंचवीस धरा.”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साडेसातशे रुपये किलो. बागेवरून द्राक्ष 50 रुपयांनी उचलताना व्यापारी देठ, पाणी, पाखरू, पाऊस यांची नावं घेऊन आणखी दोन रुपये पाडतो, आणि इथे झोपाळ्यावर बसलेली पोरं फळाला साडेसातशे मोजताहेत. आप्पांचा फळविरोध त्या आकड्यापाशी मावळला.

दुसऱ्या दिवशी ते दोन किलो काळी जंबो द्राक्षं घेऊन हजर. बिनडागी. “ह्याचा बर्गर कर.” पोरानं केला. पहिल्याच घासाला वरचा पाव दाबला गेला आणि मणी चारी दिशांना सुटले. दोन आप्पांच्या खिशात पट्टीशेजारी जाऊन बसले, एक झोपाळ्याखाली गेला. पोरगा म्हणाला, अर्धे कापून घालावे लागतील. आप्पा म्हणाले, कापायची मजुरी कोणावर? मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “रोज किती खपंल?”

“सीझनला, रोज पावशेर.”

पावशेरासाठी पिकअप काढणं परवडत नाही, हे दोघांनाही कळत होतं. तरी पोरगा व्यवहाराला चोख. त्यानं बिलाच्या मागच्या बाजूला रीतसर पट्टी लिहिली: द्राक्ष 2 किलो, दर 50, एकूण 100, वजा तूट 10, वजा हवाईयन बर्गर एक, कालचा, नातवाच्या नावावर, 140. बाकी येणे 50.

आप्पांनी पट्टी दोनदा वाचली. तूट कशाची म्हणून वाद घातला. झोपाळ्याखालचा मणी पोरानं काढून दाखवल्यावर गप्प झाले. 50 ची नोट टेबलावर ठेवली आणि त्यावर हात तसाच ठेवून म्हणाले, “काल पोरानं ती चकती ताटात टाकली व्हती. माझ्या पैशाची. एक भाजून आन.”